न मारण्याचं कौशल्य

बेसबॉलमध्ये पिचरचे चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर गेले आणि फलंदाजाने त्यांना बॅट लावायचा मोह आवरला, की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला म्हणतात 'वॉक'. लखनौच्या इंदिरा नगरात आमच्या शेजाऱ्यांना हे समजावलं, तेव्हा पान गालात सारत ते म्हणाले, "न मारा, न दौड़ा, फिर पहुँचा कैसे?" सरकारी खात्यात बढत्या घेत घेत निवृत्त झालेल्या माणसाने हे विचारावं, याचं मला नवल वाटलं.

वॉक मिळवणाऱ्यांच्या दोन जाती. पहिली चिवटांची. 1956 साली वॉशिंग्टनच्या एडी योस्टने 151 वॉक मिळवले. त्या मोसमात त्याच्या हिट्ससुद्धा एवढ्या नव्हत्या. लोक त्याला 'वॉकिंग मॅन' म्हणत. वाईट चेंडूच्या नादी लागायचं नाही, हा त्याचा बाणा. अशा माणसासमोर आपले बापू नाडकर्णी हवे होते. 1964 साली मद्रासला सलग 21 निर्धाव षटकं टाकणाऱ्या बापूंनी योस्टचा धंदाच बसवला असता.

दुसरी जात दहशतवाल्यांची. तिचा सम्राट बॅरी बाँड्स. 2004 मध्ये, चाळिशी गाठताना, त्याला 232 वॉक मिळाले. एका मोसमातला हा विक्रम अजून अबाधित आहे. पाठोपाठचे 198 आणि 177 हे आकडेही त्याचेच. बेब रूथचे 1923 मधले 170 त्याच्यामागे. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणाने नाव डागाळलं, पण त्या काळी पिचरांचे पाय लटपटत हे खरं. 232 पैकी 120 वॉक तर जाणूनबुजून बहाल केलेले! 28 मे 1998 ला ॲरिझोनाने तिन्ही बेस भरलेले असताना त्याला वॉक दिला, म्हणजे एक धाव पदरची घातली, आणि सामना 8-7 असा जिंकला. लखनौ उगाच 'पहले आप'चा टेंभा मिरवतं. 2017 पासून तर चार चेंडू टाकायचेही कष्ट नाहीत. मॅनेजरने खूण केली की फलंदाज निघाला.

आमच्या घरची बाँड्स भूतनाथ मार्केटात पाहावी. ती दुपट्ट्याला नुसता हात लावते, भाव विचारत नाही. दुकानदार आपणहून म्हणतो, "भाभीजी, जो ठीक समझें, दे दीजिए." मी एकटा गेलो, की तोच दुकानदार तीन चेंडूंत माझी विकेट काढतो.

बेसबॉल लखनौला अगदीच परका नाही. 2008 च्या 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू इथल्याच गुरु गोबिंद सिंग स्पोर्ट्स कॉलेजचे. स्पर्धेत उतरले तेव्हा बेसबॉल कशाशी खातात हेही त्यांना ठाऊक नव्हतं; पुढे पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना पिचर म्हणून करारबद्ध केलं. पण अमेरिकन इतक्या लांब आले ते फेकणारे हात शोधायला, इथेच त्यांचं चुकलं. समोरून काहीही आलं तरी जागचं न हलणारी, आणि तरीही शेवटी पोहोचणारी माणसं हवी असतील, तर स्पर्धासुद्धा भरवायला नको. कुठल्याही कचेरीत दुपारी तीन वाजता यावं आणि हवी तेवढी उचलून न्यावीत.