अडत्या राहिला, मासा गेला

बसवकल्याणला समुद्र नाही. तरीही तिथल्या राजाने माशांवर एक सबंध प्रकरण लिहून ठेवले आहे, कारण राजांना विषय सुचायला समुद्र लागत नाही. राजा कल्याणीच्या चालुक्यांचा तिसरा सोमेश्वर, ग्रंथ 'मानसोल्लास', काळ सुमारे 1130. मासे कोणकोणते, गळाला कसे लावायचे आणि त्याआधी काय खाऊ घालून त्यांना लठ्ठ करायचे, हे सगळे त्यात आले. पिठाचे गोळे माशाच्या पोटात, मासा राजाच्या पोटात. व्यवहार सरळ होता.

आता त्याच राजधानीजवळून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो. हुमनाबादकडच्या एका साध्याशा हॉटेलात मेनूकार्डावर तहारी आणि चिकन 65 च्या शेजारी 'व्हेज फिश फ्राय' दिसला. पुढे हिरवा ठिपका.

"हे कशाचं रे बाबा?"

"सोयाचं हाय, सावकार. पन खाऊन बघा, मासाच लागतंय."

"आणि खरा मासा?"

"त्ये बी हाय की. कारंजा डॅमचा रहू. ह्याच्यापेक्षा स्वस्त."

महाग ते चांगलंच असणार, या आपल्या राष्ट्रीय समजुतीला जागून आम्ही सोयाचा मागवला. तांबूस रव्याचं कवच, आत पांढरे पदर. खवले नाहीत, काटा नाही, वास मात्र आहे. हा वास आणायला म्हणे समुद्री शेवाळ घालतात. मसाला बाजूला काढला तर चवीत फार काही उरत नाही. पण आमच्याकडे मसाला बाजूला काढून खातो कोण?

माझ्यासोबत दोघे होते. एक शरणांच्या परंपरेतले, कडक शाकाहारी. त्यांनी प्लेट नाकाजवळ नेली आणि तशीच पुढे सरकवली. दुसरे भीमाकाठचे, वाम आणि मरळ खाऊन वाढलेले. त्यांनी एक घास घेतला, काटा शोधला आणि शोध थांबवून रहू मागवला. 1967 च्या महाजन अहवालाने आमचा सीमाप्रश्न सुटला नाही, पण आमच्या गावांवर निदान दोन राज्यं हक्क तरी सांगतात. त्या प्लेटवर दोघांतला एकही सांगेना.

खरी गंमत पुढे आहे. सोयाबीन म्हणजे भालकी-औरादचं पीक. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, म्हणजे किलोला त्रेपन्न. तोही कागदावर, ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की कापाकापी सुरू, मग माती, मग काडीकचरा. इथला माल लातूरला गेला की तेल निघतं, पेंड उरते आणि पेंड खातात कोंबड्या आणि तळ्यातले मासे. म्हणजे सोमेश्वराचा धडा इतकी शतकं चालूच होता. मग त्याच लातूरच्या देशमुखांचे रितेश आणि सूनबाई जेनेलिया यांनी 2021 मध्ये 'इमॅजिन मीट्स' काढून वनस्पतींचं मटण बाजारात आणलं, आणखी कुणी मासे आणले. पेंड माशाला घालून मासा खाण्यापेक्षा सरळ पेंडच मासा म्हणून खावी, असा हा शोध आहे. मधले लोक काढा, मधले लोक काढा म्हणून शेतकरी संघटना किती वर्षं ओरडताहेत. अडत्या जागचा हलला नाही. निघाला कोण, तर मासा. बरं, मधला निघाला की माल स्वस्त व्हावा, असं अर्थशास्त्र सांगतं. त्या शास्त्राने बहुधा हे मेनूकार्ड पाहिलेलं नाही.

परदेशातही हेच. अमेरिकेत 'गुड कॅच'ने हरभरा, मसूर, सोयाबीन, वाटाणा अशा सहा कडधान्यांचा ट्यूना केला. सहा! वेळ अमावास्येला शेतात जी भज्जी शिजते, तिच्यात कडधान्यं किती पडली हे आमच्याकडे कुणी मोजतही नाही, आणि वर आंबील फुकट. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'न्यू वेव्ह फूड्स'ने तर मूग आणि शेवाळ यांची कोळंबी केली. पुण्याकडची मासवडी त्या मानाने सज्जन बाई: बेसनाची आहे, आत तीळ-खोबरं आहे, आकार माशाचा घेतला पण वासाचा आव आणला नाही.

तेव्हा सरकारला आमची मागणी अशी. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मानांकनाने पोट भरलं. आता भाव माशावरून ठरवा. सोयाबीनला सुरमईचा, मुगाला कोळंबीचा आणि जिचा 2025-26 चा हमीभाव जेमतेम किलोला ऐंशी आहे त्या तुरीला पापलेटचा. आणि बाजार समितीत ओलाव्याची कपात बंद. मासा आहे, ओला असणारच.