रहाबीची परीक्षा

माझं लग्न जमावं म्हणून आजीने एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलला होता. पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, आणि बदल्यात एक नातसून. नबीने पाठवला मालवणचा एक मुलगा. दोन वर्षं तो घरात ‘रूममेट’ या पदावर होता.

६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७चा निकाल लागला. आमचं नवं वर्ष तीन दिवसांवर, आजी चिकाचा हलवा घोटत होती. हलवा घोटताना हात सोडता येत नाही, म्हणून मी मुद्दाम तीच वेळ साधली आणि सगळं सांगून टाकलं.

“खातो काय तो?” आजी म्हणाली.

“सगळं.”

“सगळं म्हणजे?”

“कोळंबी, तिसऱ्या, कुर्ल्या...”

हात थांबला. हलवा करपला. “बाप्या आहे, ते एक वेळ मशिदीत सांगेन रे. पण कोळंबी?” (सिनेगॉगला आजी मशीदच म्हणते.)

तिचंही चुकत नाही. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून वाचलेली आमची माणसं कोकणात तेल गाळू लागली, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली झाली आणि आपण कोण हे निम्मं विसरली. मग म्हणे डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू आला. त्याने बायकांपुढे सरमिसळ मासळी टाकली. त्यांनी खवलं आणि पर नसलेली तेवढी बाजूला सारली. रहाबीला खूण पटली. थोडक्यात, आमचा धर्म आम्हाला कोळणीच्या पाटीत परत सापडला.

तर पुढच्या रविवारी आजीने गॅलरीत पेपर पसरला. त्यावर बोय, पापलेट, कोळंबी, मुशी, वाम. स्वयंपाकघराचं दार बंद.

“निवड,” ती त्याला म्हणाली.

रहाबी कोण हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. त्याने मांडी घातली आणि दोन मिनिटांत दोन ढीग केले. खवल्याची मासळी इकडे, बाकी तिकडे. एकही चूक नाही. मी आजीकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

“हे तुमचं, आजी,” तो म्हणाला. मग दुसरा ढीग पिशवीत भरत, “नि ह्यां माझां.”

कोळंबीचे पैसे आजीने त्याच्याकडून रोख घेतले. मलिदा मात्र अडलाय. पाचवं फळ म्हणून त्याला देवगडचाच हापूस हवा, तिला अलिबागचा. मे महिन्यापर्यंत तहकूब.