पाकिटात चावी

पाकिटात जादा चावीसाठी वेगळा कप्पा काढणाऱ्यांचे जाहीर अभिनंदन! आणे पठारावरची जुनी माणसे नोटा कोपरीच्या चोरखिशात ठेवत, चावी करगोट्याला बांधत आणि जादा चावी शेजारच्या काकूंकडे देत. केवढी ही फाटाफूट! आता तिथल्या रंगदासस्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीला बसावे, तर नोटा, चावी आणि मागे पत्ता छापलेले आधारकार्ड एकाच खिशात. पाकीटमाराची वणवण वाचली. घरापर्यंतचे एसटीभाडेही आतच. पुढच्या आवृत्तीत कपाटाची खूण आणि कुत्र्याचे नाव लिहायला जागा असावी, ही नम्र सूचना. अडचण एकच. यात्रेहून परतल्यावर आपल्याच दारात बसून राहावे लागते, कुलूप उघडणारा येईपर्यंत. त्याची एसटी चुकली असेल, तर पंचाईत.