सहज आलेला माणूस

तुमच्याही दारात तो येऊन गेला असेल. बगलेत फाइल, कपाळावर घाम आणि चपला काढता काढताच पहिलं वाक्य, "इकडून चाललो होतो, म्हटलं सहज डोकवावं."

लालबागमध्ये भर दुपारी, लिफ्ट बंद असताना, चौथ्या मजल्यावर कोणी सहज जात नाही. हा जातो. कारण सकाळीच त्याने 'नवशक्ति'तल्या कब्जा सूचना वाचलेल्या असतात, जुनी माणसं निधनवार्ता वाचतात तशा : कर्जदार, जामीनदार, थकबाकी, चौरस फूट. अडलेल्या घरमालकाला टोकन टेकवायचं, गिऱ्हाईक गाठायचं, मधला फरक खिशात, एवढाच धंदा. रेरा नोंदणी? "प्रोसेसमध्ये आहे."

कर्जाचा विषय तो काढतच नाही. "काका, सहज विचारतो, ही खिडकी पूर्वेलाच ना?" पाणी प्यायला उठून स्वतः स्वयंपाकघरात जातो, कारण जाता-येता पावलं मोजायची असतात. दादरला एका गृहस्थाने त्याला हाकललं. दोन मिनिटांनी पुन्हा बेल. "चप्पल राहिली होती. आलोच आहे तर सहज विचारतो, पार्किंग आहे?" गिरगावात नावसाधर्म्यामुळे तो भलत्याच घरी शिरला. त्या आजोबांनी जन्मात कुणाकडून वाटीभर साखरही उसनी आणली नव्हती. "मग आलात कशाला?" "सहज." तेवढा एकदाच तो खरं बोलला असावा.

आता नाइलाजाने एक सांगतो. दाराला कब्जाची नोटीस चिकटली की जिन्यात भेटणारे शेजारी मान खाली घालून जातात. हळदीकुंकवाचं बोलावणं राहून जातं. मेहुणा फोन उचलत नाही. अशा घरात चहा मागून घेणारा, म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करणारा हा एकटाच उरतो. परळच्या एका बाईंनी बँकेची पाकिटं न फोडताच फ्रीजवर रचली होती. ती त्याने एकेक फोडून मोठ्याने वाचून दाखवली. त्यात घराच्या क्षेत्रफळाचा आकडा दोनदा वाचला, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा तो आला तर चहा द्या, टोकन घेऊ नका. सरफेसी कायद्याखालच्या मागणी नोटिशीला ६० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात लेखी हरकत घ्या. ती मान्य नसेल तर १५ दिवसांत कारणं कळवणं बँकेला भाग आहे. कब्जाच घेतला असेल, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आणि शेजारी असाल, तर त्याच्याआधी तुम्ही जा.