आई उपाशी, बासरी चालू

त्यागाच्या व्हिडिओला बासरी लागते. बासरी सुरू झाली की समजावं, आता कोणीतरी उपाशी राहणार. बहुतेक वेळा आई. टोपलीत दोन भाकऱ्या, घरात तीन माणसं, आई म्हणते, 'तुम्ही खा रे, मला भूक नाही.' कॅमेरा तिच्या हातांच्या भेगांवर जातो, मग रिकाम्या डब्यावर, मग पुन्हा भेगांवर, कारण भेगा जास्त चांगल्या आलेल्या असतात. पुढच्या दृश्यात मुलगा कलेक्टर. मधली वीस वर्षं पडदा क्षणभर काळा होतो त्यात उरकली जातात. शेवटी पांढऱ्या अक्षरांत एक वाक्य येतं आणि त्याखाली लाइक, शेअर, सबस्क्राइब. असले व्हिडिओ हल्ली नववी ते बारावीच्या वर्गांत मूल्यशिक्षण म्हणून दाखवले जातात. त्याआधी प्रोजेक्टरची पिन बसत नाही, शिपाईमामांना बोलावणं जातं, 'मागे आवाज येतोय का?' असं तीनदा विचारून होतं आणि त्याग सुरू होणार एवढ्यात सोनेतारण कर्जाची जाहिरात लागते. माझं म्हणणं असं की या सगळ्या कार्यक्रमात किमतीचा उल्लेख करणारी तेवढी ती जाहिरातच असते.

त्याग शिकवायला पूर्वी वेळ लागायचा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, त्यात श्याम आपल्या आईची गोष्ट सांगायला बेचाळीस रात्री घेतो. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्याचा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा त्या बेचाळीस रात्रींचा एक खेळ झाला. मग शॉर्ट्स आले आणि साठ सेकंदांवर बोळवण झाली. ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूबने ही मर्यादा तीन मिनिटांपर्यंत नेली, म्हणजे त्यागाला दोन मिनिटं वाढवून मिळाली. शासकीय कामात यापेक्षा उदार मुदतवाढ क्वचितच मिळते. पण बेचाळीस रात्रींत गुरुजी करतात काय? आईला सारखी उपाशी ठेवत नाहीत. ती चिडते, हट्ट धरते, पोहायला जायच्या भीतीने माळ्यावर लपलेल्या श्यामला शिंपटीने झोडपते. घरावर कर्ज चढतं, दारात येऊन माणसं अपमान करतात, दुखणं अंगावर काढलं जातं. तिने काय काय सोडलं आणि त्यातलं प्रत्येक तिला केवढ्याला पडलं, हे वाचणाऱ्याला तिच्या मरणाआधीच माहीत झालेलं असतं. साठ सेकंदांत मरण बसतं, हिशेब बसत नाही. कात्री नेमकी तिथे चालते.

हिशेब कापला की होतं काय, तर त्याग फुकट वाटू लागतो. आईने भाकरी दिली, मुलगा कलेक्टर झाला, सौदा उत्तम. वर्गातल्या मुलाला यातून नकळत एवढंच कळतं की आईने शेवटी जेवायचं असतं. मुलीलाही तेच कळतं, फक्त तिला ते आपल्याबद्दल कळतं. त्या घरातला तिसरा माणूस, म्हणजे बाप, त्या वेळी काय करत होता, हे कॅमेरा दाखवत नाही. तो बहुधा जेवत होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. निदान पोरांच्या डोळ्यांत पाणी तरी येतं ना? येतं. प्रश्न ते पाणी पुढे कुठे जातं एवढाच आहे. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयात जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. भावी धर्मगुरूंना एक छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींना भाषणाचा विषय दिला होता बायबलमधली भल्या शोमरोनी माणसाची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या वाटसरूची. वाटेत खरोखरच एक माणूस दारात कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले; ज्यांना 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलं होतं त्यांच्यापैकी १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परोपकारावर प्रवचन द्यायच्या घाईत काही जण त्या माणसाला चक्क ओलांडून गेले. प्रयोग लहान होता, माणसं अवघी ४०, तेव्हा त्यावर देऊळ बांधायला नको. पण दिशा कळते. चांगली गोष्ट डोक्यात ताजी असणं पुरत नाही, सवड लागते. आणि आपण सवडीचा धडा शिकवायला असं साधन निवडलंय, ज्याची अख्खी घडण अंगठ्याने पुढे ढकलण्यासाठी झाली आहे. दारात कण्हणारा माणूस आवडला नाही तर पुढचा व्हिडिओ तयार असतो, आणि त्यात मांजर असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काही त्याग खरोखरच क्षणाचे असतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांनी पकड सोडली नाही म्हणून तो जिवंत हाती लागला. याला कितीसे सेकंद लागले असतील? हे साठ सेकंदांत दाखवता येतं, आणि दाखवावंच, फक्त बासरीशिवाय. पण व्हिडिओचा साचा एकदा क्षणाला सोकावला की ज्या त्यागात क्षणच नाही त्याचं तो काही करू शकत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले. यातलं कुठलं मिनिट उचलणार? रोज उठून पुन्हा तेच काम करणारा माणूस रीलमध्ये अडकलेल्या व्हिडिओसारखा दिसतो, आणि पोरं वायफायला शिव्या घालतात.

पावनखिंडीचंच बघा. बाजीप्रभूंच्या दोन्ही हातांतल्या तलवारी, विशाळगडावरच्या तोफा, १६६० सालचा आषाढातला पाऊस, हे सगळं पडद्यासाठीच घडल्यासारखं आहे आणि त्याचे व्हिडिओही ढिगाने आहेत. शिवा काशिदांच्या वाट्याला त्यातले थोडे येतात. आणि एका गोष्टीच्या वाट्याला जवळपास एकही येत नाही. परंपरा सांगते की दरबारातला पहिल्या पानाचा मान जेधे घराण्याकडे होता. खिंडीत बांदलांची माणसं पडली म्हणून तो मान बांदलांना दिला गेला आणि जेध्यांनी तो सोडला. यात रक्त नाही, तोफ नाही, स्लो मोशन तर नाहीच. पण लग्नात आहेराच्या शालीवरून पहिल्या पंगतीतून उठून गेलेले मामा ज्याने पाहिलेत, अशा कुठल्याही मराठी माणसाला विचारा, जीव देणं सोपं की मान देणं. जीव द्यायची वेळ अकरावीतल्या पोरावर येणार नाही, देव करो आणि कधीच न येवो. मान सोडायची वेळ मात्र त्याच्यावर येत्या स्नेहसंमेलनात, सूत्रसंचालन कोण करणार यावरून, येणार आहे.

आता तिसरा आक्षेप, तो ज्येष्ठ मंडळींचा. त्यागाची किंमत विचारायची म्हणजे पोरांना वाणसवदा शिकवायचा. पवित्र गोष्टींना तागडी लावू नये. गंमत अशी की तागडी आपल्याकडे फार जुनी आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन वर्ग पाडले आहेत. त्यातला राजस म्हणजे कर्म दुःखदायक आहे, देहाला त्रास होईल, या भीतीने ते सोडून देणं. अशाने त्यागाचं फळ मिळत नाही असं तिथे स्वच्छ सांगितलंय. बारावीच्या परीक्षेआधी गणित सोडणारा विद्यार्थी नेमका या वर्गात बसतो, त्याने उगाच कुणाचे आशीर्वाद घेऊ नयेत. आणि किंमत विचारायची नाही असं ठरवलं की चिलया बाळाच्या गोष्टीचं काय करायचं? अतिथी मागतो म्हणून श्रियाळ आणि चांगुणा पोटच्या पोराला मारून रांधतात. शेवटी शंकर त्याला जिवंत करतो हे खरं, पण तोवर त्याग कोणाचा झाला, आईबापांचा की चिलयाचा? सहा वर्षांच्या पोराला हा प्रश्न सुचत नाही, तो घाबरून आईला बिलगतो. सतरा वर्षांच्या पोराला सुचतो, आणि तो विचारू शकतो म्हणूनच त्याला हा विषय शिकवण्यात अर्थ आहे. द्रोणांनी एकलव्याचा अंगठा मागितला त्यात फायदा कोणाचा, हे त्याला न विचारता कळतं. पंचाईत त्याने ते मोठ्याने म्हटल्यावर आपली होते.

मग व्हिडिओ बंदच करायचे का? नाही. महाराष्ट्रात व्हिडिओने माणसं कामाला लागल्याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. ऐन उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस गावांनी श्रमदान केलं, चर खणले, बांध घातले. तिथेही फिल्म होत्या, पण त्यांतल्या कितीतरी उतार कसा मोजायचा, समतल रेषा कशी आखायची, असल्या रुक्ष गोष्टी सांगणाऱ्या होत्या. फिल्म संपली की कुदळ. दुसऱ्या दिवशी हाताला फोड. पहिलं बक्षीस ५० लाखांचं होतं, तेव्हा हा त्याग निखळ म्हणायचा का, असं कोणी विचारेल. विचारावं. निखळ त्यागाची वाट बघत बसलो असतो तर पावसाळा निघून गेला असता.

तेव्हा सुचवायचं ते इतकंच. एकच व्हिडिओ लावा, आणि आवाज बंद करून लावा. बासरी गेली की निम्मे त्याग तिथल्या तिथे मावळतात. राहतात त्यांच्याबद्दल बोलता येतं. मग दिवे लावून तीन गोष्टी विचारा: सोडलं कोणी, फायदा कोणाला झाला, आणि सोडणाऱ्याला नाही म्हणायची सोय होती का. कॉमर्सच्या वर्गाला हे जड जाऊ नये, जमा-नावे त्यांना येतंच. तिसरा प्रश्न मात्र जपून विचारा. कारण नाही म्हणायची सोय नसताना जे जातं त्याला त्याग म्हणत नाहीत, आणि हे एकदा पोरांच्या लक्षात आलं की ती व्हिडिओ सोडून समोर बघू लागतात. समोर उभे असतात तासिका तत्त्वावरचे सर. झालेल्या तासापुरते पैसे, सुट्टीचे नाहीत, मे महिन्याचे तर नाहीतच, आणि मिळायचे ते दिवाळीला की शिमग्याला हे कोणालाच माहीत नाही. शिक्षकदिनाच्या भाषणात त्यांच्या त्यागाचा गौरव दरवर्षी होतो. मागच्या बाकावरून एखादी मुलगी उभी राहून विचारणारच की सर, तुमचं कुठल्या खात्यात धरायचं? सरांनी तेव्हा प्रोजेक्टरची पिन तपासायला वाकू नये.