वेग वाढला की गप्पा आटतात

लंडनहून इस्तंबूलला विमान चारेक तासांत पोचतं आणि बहुतेक वेळा रेल्वेपेक्षा स्वस्तही पडतं. त्यामुळे आम्ही हे अंतर रेल्वेने जाणार आणि तिथून जमेल तितकं पूर्वेकडे सरकणार, हे कळल्यावर नातलगांनी माझ्या पेन्शनची हळुवार चौकशी सुरू केली. धाकट्या मेव्हण्याने तर बाजूला घेऊन, "दाजी, अडचण असेल तर सांगा," असंही सांगून पाहिलं.

हाताशी युरेलचा पास होता. ३३ देशांत चालणारा हा पास म्हणजे लग्नाच्या पंगतीचं आमंत्रणच. फक्त पाटाचे पैसे वेगळे. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या शयनयानांना आरक्षण सक्तीचं, आणि ते काही फुकट मिळत नाही.

सेंट पँक्रस स्टेशनात फ्रान्सचे अधिकारी लंडनमध्येच बसून पासपोर्ट तपासतात. मग समुद्राखालचा वीसेक मिनिटांचा अंधार, आणि पॅरिस. एका स्टेशनातून दुसऱ्यात चालत गेलो आणि स्टुटगार्टच्या गाडीत बसलो. गाडी ताशी ३२० किलोमीटरने निघाली आणि डब्यात सुतकी शांतता पसरली. समोरच्या गृहस्थांनी आम्ही कुठले, कुठे उतरणार, मुलं काय करतात, यातलं काहीही विचारलं नाही. हिने डबा उघडून चकली मोडली. त्या 'कट्ट' आवाजाने चार माना वळल्या. उरलेली चकली हिने न चावता, तोंडात विरघळवून संपवली.

व्हिएन्ना ओलांडलं तेव्हा वेग बराच उतरला होता आणि माणसं फोनवर मोठ्याने बोलू लागली होती. बुडापेस्टच्या केलेटी स्टेशनातून बुखारेस्टची रात्रीची गाडी धरली आणि माझ्या मनात एक सिद्धांत आकार घेऊ लागला: वेग आणि गप्पा यांचं प्रमाण व्यस्त असतं.

सकाळी गाडी कार्पेथियन डोंगरांतून धापा टाकत चालली होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका आजींनी मांडीवर वर्तमानपत्र पसरलं. त्यावर टोमॅटो, उकडलेली अंडी, खारट चीज आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत पाण्यासारखंच दिसणारं काहीतरी. ती घरी गाळलेली आलुबुखारची दारू, त्सुइका. मी घोटभर घेतली आणि पुढचा बोगदा येण्याआधीच डोळ्यांपुढे अंधारी आली. हिने चीजवर शेंगदाण्याची चटणी भुरभुरवली. आजी रोमानियनमध्ये बोलत होत्या, ही मराठीत. दोघींनी आपापल्या गुडघ्यांवर हात ठेवून तोंडं वाकडी केली, आणि त्यानंतर संभाषणाला कसलीच अडचण उरली नाही. आम्ही कुठे उतरणार, हेही आजींनी विचारलं. युरोपात शिरल्यापासून हा प्रश्न ऐकायला कान आसुसले होते!

बुखारेस्टहून उन्हाळ्यात इस्तंबूलचा थेट डबा लागतो. जुर्जु आणि रूसे यांच्यामध्ये डॅन्यूब आडवी येते. १८८३ साली ओरिएंट एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा इथे पूल नव्हता. रेशमी पडद्यांच्या डब्यातून उतरून शाही प्रवासी होडीने पलीकडे जात आणि पुढे वार्नाहून बोटीने इस्तंबूल गाठत. पूल झाला १९५४ मध्ये. आम्ही तो झोपाळू चालीने ओलांडला. शाही थाटाची भरपाई तुर्कस्तानच्या हद्दीवर कापीकुलेला झाली: ऐन मध्यरात्री सगळा डबा बॅगांसकट खाली. शिक्क्याच्या रांगेत, अर्धवट झोपेत, प्रत्येकाला प्रत्येकाची सगळी माहिती झाली.

इस्तंबूलच्या कडेच्या हाल्काली स्टेशनात उतरून मारमाराय लोकल घेतली. बॉस्फरसखालून ती काही मिनिटांत आशियात जाते. गर्दी खच्चून. एका काकांनी तिघांच्या बाकावर हिला चौथी जागा करून दिली आणि मला खुणेनेच विचारलं, "मुलं किती?"

सिद्धांत सिद्ध झाला म्हणून मी खुशीत होतो. तेवढ्यात हिने पुढच्या तिकिटांचा कागद नीट वाचला. अंकाऱ्याची गाडी अतिवेगवान, ताशी २५० किलोमीटर.

"म्हणजे परत चकली विरघळवत बसायचं?" ही म्हणाली. "रात्रभर रखडणारी एखादी असेल ना? तिची काढा."