एक पांढरी, एक पिवळी

दसरा सरला की बीड जिल्ह्यातले कोयते उसाच्या फडाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच खर्चून झालेली, खाडा पडला की पैसे कापले जाणार. तेव्हा नाक गळो की अंग फणफणो, गोळी घ्यायची आणि फडात उतरायचं.

कायद्यालाही खेड्याची काळजी आहे. हजारापर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल विकायला परवाना लागत नाही. अट एवढीच, की मूळ वेष्टन न फोडता विकावं. दुकानदार अट पाळतो, कात्रीने पाळतो. गिऱ्हाइकाच्या हाती नेमका तोच तुकडा येतो ज्यावर ना नाव, ना मुदतीची तारीख.

मग तापाला एक पांढरी, सर्दीला एक पिवळी, अंग ठणकतंय म्हणून चहावर आणखी एक. तिन्हींत पॅरासिटामॉल निघू शकतं. धडधाकट मोठ्या माणसाची हद्द चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या, आणि दोन मात्रांत निदान चार तास. रोज पिणाऱ्याची किंवा यकृत दुखावलेल्याची त्याहून कमी. पण हिशेब रंगांचा ठेवला जातो, आणि यकृताला रंग कळत नाहीत.

बारा वर्षांखालच्या मुलांना ताप-दुखीवरचं निमेसुलाइड देण्यावर २०११ पासून बंदी आहे. बापाची उरलेली गोळी मोडून अर्धी लेकराला चारण्याच्या पद्धतीला मात्र ही अधिसूचना अजून कुणी वाचून दाखवलेली नाही.